अमेरिकेतल्या एका काउंटीत शेतीची सबसिडी नेमकी कोणाच्या खात्यात जाते

आपल्याकडच्या शेतीच्या ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरत असतो, की अमेरिकेत सरकार प्रत्येक शेतकऱ्याला वर्षाला लाखो रुपये देतं आणि इथे आपण पीएम किसानचे ६ हजार अधिक नमो शेतकरीचे ६ हजार घेऊन गप्प बसतो. मेसेज पूर्ण खोटा नाहीये, तिथे सरकारी पैसा खरंच भरपूर येतो. पण तो प्रत्येकाला येत नाही, सारखा येत नाही, दरवर्षी येईलच असंही नाही, आणि मुख्य म्हणजे तो कष्ट करणाऱ्या माणसाच्या मागे कमी आणि जमिनीच्या जुन्या नोंदीमागे जास्त जातो. हे एकदा कळलं की आपल्याकडे हमीभाव, भावांतर (हमीभाव आणि बाजारभावातला फरक देणारी योजना), पीक विमा यावरून जे वाद चालतात त्यातलं बरंच स्पष्ट दिसायला लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एक खरी जागा धरू. आयोवा राज्याच्या उत्तर भागात कोसुथ नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे सरकारी कामकाजाच्या दृष्टीने आपला जिल्हा समजा, फक्त माणसं एखाद्या मोठ्या गावाएवढी. आयोवात अशा ९९ काउंट्या आहेत आणि क्षेत्रफळाने ही त्यातली सगळ्यात मोठी, मुख्य गाव अल्गोना, आणि अख्ख्या काउंटीची लोकसंख्या १५ हजारांच्या आसपास. सपाट काळी जमीन, एका वर्षी मका दुसऱ्या वर्षी सोयाबीन, शिवाय डुकरांच्या मोठमोठ्या शेड. माणसं वर्षानुवर्षं कमी होत चाललीत आणि एकेकाची शेती मोठी होत चाललीय.

तिथल्या शेतकऱ्याचा सरकारशी संबंध येतो तो फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटी ऑफिसात. हे केंद्रीय कृषी खात्याचं ऑफिस, लोक त्याला नुसतं एफएसए म्हणतात. प्रत्येक शेताला तिथे एक नंबर असतो, नकाशा असतो, आणि दरवर्षी कोणत्या तुकड्यात काय पेरलं ते शेतकऱ्याला तिथे नोंदवावं लागतं, मका आणि सोयाबीनसाठी त्याची शेवटची तारीख १५ जुलै. म्हणजे आपली ई-पीक पाहणी तीच गोष्ट. ती नोंद चुकली की पुढचं सगळं अडकतं, हेही आपल्यासारखंच.

आता मुख्य भाग, तो म्हणजे बेस एकर. हा मुद्दा समजल्याशिवाय अमेरिकन सबसिडी समजत नाही आणि मेसेज पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना हाच माहीत नसतो. तुम्ही यंदा किती एकर मका पेरला यावर मुख्य योजनांचे पैसे ठरत नाहीत. त्या शेतात पूर्वी, कुठे १९८० च्या दशकात तर कुठे नंतरच्या कायद्यांनी दिलेल्या संधीत, किती एकर मका, किती एकर गहू, किती एकर सोयाबीन होतं त्यावरून एक आकडा ठरलेला आहे आणि तो आकडा त्या जमिनीला चिकटलेला आहे. शेत विकलं की आकडा नव्या मालकाकडे जातो. २०१४ च्या कायद्यात पिकांमधली वाटणी बदलायची मुभा दिली पण एकूण बेस वाढवता आला नाही, २०२५ च्या कायद्याने आता देशभरात मिळून ३ कोटी एकरांपर्यंत नवीन बेस द्यायची सोय केलीय. मक्याचा बेस असलेल्या जमिनीत तुम्ही यंदा सोयाबीन लावलं तरी मक्याच्या हिशोबानेच पैसे मिळतात. आणि ज्या जमिनीला बेसच नाही, तिथे तुम्ही कितीही घाम गाळा, पुढे सांगतोय त्या दोन मुख्य योजनांतून शून्य.

म्हणूनच तिथल्या बहुसंख्य शेतांना थेट सरकारी पैसा येतच नाही. भाजीपाला, फळं, चारा, गाईगुरं यांच्यासाठी ही व्यवस्था नाहीच, ती मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात, भुईमूग अशा मोजक्या पिकांभोवती उभी आहे. कोसुथसारख्या मका-सोयाबीनच्या काउंटीत ती ठळक दिसते, डोंगराळ भागातल्या गाईंच्या काउंटीत जवळपास दिसत नाही.

दोन मुख्य योजना आहेत आणि बेसवर दोन्हीपैकी एक निवडायची असते. पहिली पीएलसी, म्हणजे भाव पडला तर फरक देणारी. कायद्याने प्रत्येक पिकाची एक संदर्भ किंमत ठरवलेली असते, मक्याची आधी बुशेलला ३.७० डॉलर होती ती २०२५ च्या कायद्याने ४.१० झाली, सोयाबीनची ८.४० वरून १० डॉलर. मक्याचा बुशेल म्हणजे साधारण साडेपंचवीस किलो. बाजार चांगला राहिला असेल तर या किमतीत थोडी वाढ करायचं एक सूत्रही आहे, ते इथे बाजूला ठेवू. पूर्ण हंगामात देशभर मका सरासरी काय भावाने गेला ते बघतात आणि तो संदर्भ किमतीच्या खाली असेल तर फरक मिळतो. समजा एका शेताला ३०० एकर मक्याचा बेस आहे आणि नोंदलेला उतारा एकरी १५० बुशेल आहे. पैसे पूर्ण बेसवर देत नाहीत, ८५ टक्क्यांवर देतात, म्हणजे २५५ एकर. समजा देशाचा सरासरी भाव ३.८० निघाला, फरक ३० सेंट. २५५ गुणिले १५० गुणिले ३० सेंट, आले ११,४७५ डॉलर. भाव ४.१० च्या वर राहिला असता तर एक सेंटही नाही, आणि मक्याचे भाव वर होते त्या काळात तसं झालेलंही आहे.

इथे थांबून एक गोष्ट बघा. ४.१० डॉलर बुशेल म्हणजे क्विंटलला सोळा डॉलर, डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तर चौदाशे रुपयांच्या आसपास. सोयाबीनचे १० डॉलर म्हणजे क्विंटलला ३१०० ते ३३०० रुपये. आपल्याकडे २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव २४०० आहे आणि सोयाबीनचा ५३२८. म्हणजे कागदावरचा आपला भाव त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे! फरक असा की त्यांचा भाव कमी असला तरी खाली गेल्यावर पैसे खात्यात येतात, माल कुठेही विकलेला असो, सरकारला एक पोतंही उचलावं लागत नाही. आपला भाव जास्त आहे पण खरेदी केंद्र सुरू झालं तर, बारदाना आला तर, ओलावा १२ टक्क्यांच्या आत असला तर. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि आपल्या बाजार समित्यांत चार-सव्वाचार हजाराने माल गेला, हे लातूर-वाशिमकडच्या कोणालाही सांगायची गरज नाही. मध्य प्रदेशने २०१७ मध्ये भावांतर आणली ती याच विचारातून, आणि २०२५ मध्ये सोयाबीनला पुन्हा आणली. माझं मत विचाराल तर नुसता हमीभाव वाढवा ही मागणी अर्धवट आहे, फरक खात्यात कसा येणार हे सोबत मागितलं पाहिजे.

दुसरी योजना एआरसी, आणि तिची काउंटीवर चालणारी आवृत्ती सगळ्यात जास्त वापरात आहे. यात नुसता भाव नाही, भाव गुणिले उतारा, म्हणजे एकरी उत्पन्न बघतात, पण तुमच्या शेताचं नाही, अख्ख्या काउंटीचं सरासरी. मागच्या पाच वर्षांतलं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट वर्ष काढून उरलेल्या तिघांची सरासरी घेतात, उताऱ्याची वेगळी आणि भावाची वेगळी, दोन्हींचा गुणाकार झाला काउंटीचा नेहमीचा आकडा. यंदाचं उत्पन्न त्याच्या ९० टक्क्यांखाली गेलं (आधी ८६ होतं) तर खालचा फरक मिळतो, पण जास्तीत जास्त त्या नेहमीच्या आकड्याच्या १२ टक्के एवढाच. आता तुमच्या एकट्याच्या शेतावर गारपीट झाली आणि बाकी काउंटी हिरवीगार असेल तर या योजनेतून तुम्हाला काही नाही. आणि उलट, तुमचं पीक जोरदार आलं पण काउंटी सरासरीला मार बसला तर तुम्हालाही पैसे. हे वाचून आपल्याकडच्या कोणालाही महसूल मंडळ आठवेल, पीक कापणी प्रयोग मंडळात मोजक्या ठिकाणी होतात आणि उंबरठा उत्पादनाच्या (ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते त्या पातळीच्या) वर सरासरी गेली की ज्याचं वावर वाहून गेलं तोही कोरडा राहतो. खरीप २०२५ पासून आपल्याकडे एक रुपयाचा विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणीच्या उत्पादनावरच आली, त्यामुळे ही अडचण आता जास्त टोचतेय.

आणि वेळ बघा. २०२५ चं पीक काढलं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्याचा हंगाम धरतात पुढच्या ऑगस्टपर्यंत, मग सरासरी भाव ठरणार, आणि पैसे येणार ऑक्टोबर २०२६ नंतर. म्हणजे वर्षभर उशीर! मधल्या काळात बी, खत, डिझेल, बँकेचं हंगामी कर्ज, सगळं त्याचं त्याने बघायचं. तिथला शेतकरी बँकेत बसलेला असताना हा पैसा त्याच्या हातात नसतो, फार तर येईल अशा अंदाजात असतो.

मग नुकसान झालेल्या एकट्या शेतकऱ्याचं काय, तर त्यासाठी पीक विमा आहे, आणि खरं सांगायचं तर तिथल्या मका-सोयाबीनवाल्याचा खरा आधार हाच. तो एफएसएच्या ऑफिसात मिळत नाही, खासगी कंपन्यांचे एजंट विकतात, सरकार हप्त्याचा साधारण ६० टक्के भार उचलतं आणि कंपन्यांचा खर्चही देतं. आपल्यापेक्षा मोठा फरक म्हणजे हा विमा तुमच्या स्वतःच्या शेताच्या उताऱ्यावर घेता येतो, चार ते दहा वर्षांच्या तुमच्या नोंदी त्यासाठी लागतात. भावाचंही संरक्षण त्यात असतं, फेब्रुवारीत शिकागोच्या वायदे बाजारात डिसेंबरच्या मक्याचा जो सरासरी भाव निघतो तो धरतात आणि ऑक्टोबरमध्ये परत बघतात. हप्त्यातला सरकारी वाटा टक्क्यात बघितला तर आपला कमी नाही, आपल्या शेतकऱ्याला खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला ५ टक्केच भरावे लागतात. फरक नोंदींचा आहे. तिथे प्रत्येक शेताचा उतारा वर्षानुवर्षं कागदावर आहे, आपल्याकडे मंडळाचाच कसाबसा आहे.

याशिवाय सीआरपी नावाची योजना आहे, १९८५ पासून, त्यात धूप होणारी किंवा हलकी जमीन १० ते १५ वर्षं पडीक ठेवून गवत, झाडं लावायची आणि सरकार वर्षाला भाडं देतं. चांगली योजना आहे, माती वाचते.

आणि मग ते पैसे जे कुठल्याच नियमित योजनेत नसतात. २०१८ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध सुरू झालं, चीनने अमेरिकन सोयाबीन घेणं बंद केल्यासारखं केलं, तेव्हा सरकारने सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर दिले, आणि २०१९ मध्ये तर काउंटीनुसार एकरी दर ठरवला, कुठे १५ डॉलर कुठे १५० पर्यंत. शेजारच्या दोन काउंट्यांत दर वेगळा, बांध ओलांडला की एकरी रक्कम बदलली, त्यावरून लोक चिडले होते. मग कोविड आला, आणि २०२० मध्ये थेट सरकारी पैसा ४५ अब्ज डॉलरच्या वर गेला, तोवरचा उच्चांक. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा १२ अब्ज डॉलरचं पॅकेज जाहीर झालं. आपल्याकडे २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५ हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत दिले होते, हा त्याच जातीचा पैसा. संकटात उपयोगी पडतो हे मान्य, पण त्यावर कोणी पुढच्या वर्षाचा बेत आखू शकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पैसा शेवटी राहतो कोणाकडे. आयोवात निम्म्याहून जास्त शेतजमीन कसणाऱ्याच्या मालकीची नाही, खंडाने घेतलेली आहे, आणि जमिनीचे मालक बरेचसे म्हातारे, काही शहरात राहणारे, काही वारसाहक्काने आलेले. रोख खंडावर जमीन दिली असेल तर नियम सरळ आहे, जोखीम ज्याची सबसिडी त्याची, म्हणजे पैसे कसणाऱ्याच्या नावावर. ऐकायला किती न्याय्य! पण पुढे काय होतं ते बघा. उत्तर आयोवात जमिनीचा खंड एकरी पावणेतीनशे डॉलरच्या आसपास आहे. वरच्या उदाहरणातले ११,४७५ डॉलर ३०० एकरांत वाटले तर एकरी जेमतेम ३८ डॉलर. आणि मालकालाही माहीत असतं की या जमिनीला बेस आहे, पैसे येतात, कारण कोणाला किती सरकारी पैसे मिळाले हे तिथे नावानिशी कोणालाही बघता येतं. १ सप्टेंबरच्या आत नोटीस देऊन करार मोडता येतो, नवा करार १ मार्चपासून, आणि शेजारचा दोन हजार एकरवाला जास्त खंड द्यायला तयारच असतो. सबसिडीचा किती हिस्सा खंडात जातो यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत, काही हिस्सा जातो यावर फारसा वाद नाही. जमिनीच्या किमतीतही तो शिरतो, म्हणजे नव्याने शेती सुरू करणाऱ्या पोराला तीच जमीन अजून महाग.

मोठ्याकडे जास्त जाण्याला कायद्याने मर्यादा घातलीय, नाही असं नाही. एका व्यक्तीला या दोन योजनांतून वर्षाला १ लाख २५ हजार डॉलर, ती २०२५ मध्ये १ लाख ५५ हजार झाली, आणि ज्याचं सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर त्याला नाही. पण व्यक्ती कोणाला म्हणायचं तिथे वाट मोकळी आहे. नवराबायको दोघांची मर्यादा वेगळी, भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराची वेगळी, आणि २०१८ च्या कायद्याने चुलत-मावस भावंडं, पुतणे, भाचे यांनाही शेतीच्या कारभारात सहभागी दाखवायची सोय केली. विम्याच्या हप्त्याला तर अशी मर्यादाच नाही, जितके एकर जास्त तितकी सरकारी मदत जास्त.

हा प्रकार आजचा नाही. शेतीच्या सबसिडीची सुरुवात झाली १९३३ मध्ये, मंदीत भाव कोसळले होते, रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होते आणि आयोवाचेच हेन्री वॉलेस कृषिमंत्री. पेरा कमी करा, सरकार पैसे देईल, अशी ती योजना होती. दक्षिणेत कापसाच्या पट्ट्यात जमीनदारांनी पेरा कमी केला, चेक घेतले, आणि ज्या बटईदारांना त्यातला वाटा द्यायचा होता त्यांनाच कित्येक ठिकाणी घर सोडायला लावलं, कारण कमी पेऱ्याला माणसं कमी लागतात. १९३४ मध्ये आर्कान्सात काळ्या आणि गोऱ्या बटईदारांनी एकत्र येऊन संघटना काढली ती यातूनच. सरकारने शेतीला पैसे दिले आणि शेतात राबणारा माणूस त्याच पैशाने बेघर झाला, ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सगळ्यात जड वाटते.

काउंटी पातळीवर शेतकऱ्यांनी निवडून दिलेली कमिटी असते, ३ ते ११ जणांची, हीही त्याच काळापासूनची पद्धत. आपल्याच लोकांनी आपले निर्णय घ्यायचे हा विचार चांगला आहे आणि कोसुथसारख्या ठिकाणी तो ठीक चालतो. पण दक्षिणेत अनेक दशकं या कमिट्यांत गोरे जमीनदारच बसले आणि काळ्या शेतकऱ्यांचे कर्जाचे, मदतीचे अर्ज उशिरा निघाले किंवा निघालेच नाहीत. पेरणी संपल्यावर मंजूर झालेल्या कर्जाचा काय उपयोग असतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. शेवटी कोर्टात दावा झाला, १९९९ मध्ये कृषी खात्याला तडजोड करावी लागली आणि १ अब्ज डॉलरच्या आसपास भरपाई दिली गेली. तोवर कित्येकांच्या जमिनी गेल्या होत्या.

आपल्याकडे वळून बघितलं तर पीएम किसान सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळतं, खंडाने किंवा बटईने करणाऱ्याला नाही. पीक विम्यात खंडकऱ्याला जागा आहे पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि मालक तो करून देत नाही कारण त्याला कुळाची भीती वाटते, तीन पिढ्यांपूर्वीच्या कूळ कायद्याची. मग अतिवृष्टी झाली की पंचनामा मालकाच्या नावाने, मदत मालकाच्या खात्यात, आणि बियाण्याची उधारी मात्र कसणाऱ्याच्या डोक्यावर. विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी सातबारा त्याच्या नावावर नाही म्हणून मदतीची फाइल अडते, हेही आपण वाचलेलं आहे. अमेरिकेत निदान नियमाने पैसा कसणाऱ्याचा धरला आणि तरी तो खंडातून निसटतो. आपण अजून कसणाऱ्याचं नावच नोंदवलेलं नाही. आता फार्मर आयडी, ॲग्रीस्टॅक (शेतकऱ्यांची सरकारी डिजिटल नोंदणी) हे सगळं नव्याने बनतंय, तेही सातबाऱ्याला जोडूनच, तर ग्रामसभेत आणि कृषी सहाय्यकाकडे मागायची पहिली गोष्ट हीच आहे, की मालकी हक्काला धक्का न लावता त्या हंगामापुरती कसणाऱ्याची वेगळी नोंद करायची सोय करा, आणि विमा, पंचनामा, भावफरक जे काय येईल ते त्या नोंदीवर द्या.